पितळी पातेल्याचे पोचे काढून घ्यावेत का?

बोळातली

आमच्या घरात एक सप्रे आहेत. माणूस नव्हे, पातेलं.

आईच्या लग्नात, १९६७ च्या वैशाखात, तिच्या मामांनी दिलेलं पितळी पातेलं. दोन लिटर दूध उतू न जाता तापेल एवढं. काठाखाली नाव घातलंय, तेव्हा छिन्नीनं एकेक टिंब ठोकून घालायचे तसं. घालायचं होतं 'मामाकडून सप्रेम भेट, शके १८८९'. घालणाऱ्याचा 'म' राहिला आणि झालं 'मामाकडून सप्रे भेट'. आमच्या माहेरी-आजोळी, सोयऱ्याधायऱ्यांत कुठंही सप्रे नाहीत. मला नुकतं वाचता यायला लागलं होतं तेव्हा मी आईला विचारलं, "हे सप्रे कोण?" ती म्हणाली, कुठले सप्रे? दहा-बारा वर्षं रोज घासत होती, पण वाचलं कधी नव्हतं. त्या दिवसापासून घरात "सप्रे काढ गं", "सप्रेंना खाली उतरव", "सप्रे आज कळकलेत (म्हणजे पितळेची चव आंबटात उतरतेय), ताक ठेवू नकोस त्यात" असं सुरू झालं ते आजतागायत.

आता मूळ मुद्दा. कराडचं घर रिकामं करून आईला गेल्या महिन्यात पुण्याला माझ्याकडे आणलं. बाकीची पितळ-तांब्याची भांडी वाटून टाकली, सप्रे मात्र पिशवीत घालून मांडीवर घेऊन आली. पातेल्याची अवस्था अशी:

बूड खाली फुगलंय. चुलीवर आणि नंतर वातीच्या स्टोव्हवर चाललं, गॅसच्या शेगडीवर मात्र डुगडुगतं. पळीनं ढवळायला गेलं की आमटी एका बाजूला कलते.

पोटाला डावीकडे तळहाताएवढा मोठा पोचा. हा कोयनेच्या भूकंपातला, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मांडणीवरून जी भांडी खाली आली त्यात हे होतं. म्हणजे लग्नाला सात महिने झाले होते.

त्याच्या अलीकडे एक लांबट, खोल पोचा. हा माझ्या भावाचा. बोळात क्रिकेट खेळताना सप्रे उपडे घालून स्टंप केले होते आणि धोपाटणं ही बॅट. चेंडू हुकला, धोपाटणं बसलं. भाऊ आजही म्हणतो की तो मी नव्हेच.

आणि काठ. हा मला सगळ्यात आवडतो. आई नेहमी एकाच ठिकाणी सांडशी लावते, 'सप्रे' मधल्या 'स'च्या जरा वर. इतक्या वर्षांत तिथला काठ दबून किंचित बाहेर वळलाय. वरून पाहिलं तर पातेलं गोल राहिलेलं नाही, एका बाजूला चोच आल्यासारखं झालंय. पण गंमत पाहा. कुठल्याही पातेल्यातून दूध ओतलं की शेवटचा थेंब मागे वळतो, पोटावरून ओघळतो आणि ओट्यावर वर्तुळ उमटतं. सप्रेंच्या त्या दबक्या जागेवरून धार सुटते ती बारीक आणि सरळ, आणि पातेलं उभं केलं की जागच्या जागी तुटते. मी मुद्दाम दहादा करून पाहिलं. उरलेल्या काठावरून ओतलं तर हेही बाकीच्यांसारखंच ओघळतं.

आतली कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, पूर्ण गेलीय, पिवळं पितळ दिसतंय, त्यामुळे कल्हईला न्यायचंच आहे. प्रश्न पोच्यांचा. घरात तीन मतं आहेत. नाशिकचा भाऊ म्हणतो मोडीत घाला आणि स्टीलचं जाड बुडाचं घ्या. आई म्हणते, "नेतेच आहेस तर सगळे पोचे काढून नव्यासारखं करून आण." आणि मला वाटतं, बूड सोडून कशालाही हात लावू नये. मला ते आहे तसंच सुंदर दिसतं. संध्याकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा गुळगुळीत भागावर ते नुसतं चकाकतं, पण भूकंपाच्या पोच्यात जाऊन साठतं, वाटीत तूप साठावं तसं. दोन दिवस मी ते ओट्यावर नुसतं बघायला ठेवलं होतं. आईनं उचलून सिंकमध्ये ठेवलं.

तर, एक: पोचे काढताना पातेलं फाटायची भीती असते का? दोन: निवडून पोचे काढून देतात का, की सगळं एकदमच करतात? तीन: मी उगाच भावुक होतेय का?

(तिसऱ्याला उत्तर नाही दिलंत तरी चालेल.)

---

वऱ्हाडी ठेचा

ताई, तिसऱ्यापासून सुरू करतो. नाही.

आमच्याकडे अमरावतीला पाण्याच्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. आजीचा गुंड होता, आंदणात आलेला. गळ्याशी डाग दिलेला, म्हणजे झाळून जोडलेला, पोटाला पोचेच पोचे. घराचं नूतनीकरण केलं तेव्हा मी हौसेनं तो नेऊन सगळे पोचे काढून, पॉलिश मारून आणला. लखलखीत झाला. आजी आली, बघितलं, म्हणाली, "हा कोनाचा आनला बे?" मस्करी करतेय असं वाटलं. पण तिनं खरंच गळ्यावरून बोटं फिरवून डाग शोधला आणि मग बसली.

आता त्यात आम्ही छत्र्या ठेवतो.

---

नागोयाकर

छान धागा. इथे जपानमध्ये राहून एक सांगावंसं वाटतं, तुमचे सप्रे म्हणजे अस्सल वाबी-साबी, जुन्या-अपुऱ्या गोष्टीतच सौंदर्य बघायची इथली दृष्टी. किंत्सुगीबद्दल ऐकलं असेलच: फुटलेला पेला उरुशी नावाच्या झाडाच्या चिकानं जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात. तो चीक वाळायला कोरडी नव्हे, दमट हवा लागते, आणि एकेका थराला दिवसच्या दिवस जातात, त्यामुळे एक पेला पुरा व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात. मी एका वर्गात बसलो होतो. तिथे शिकवायला म्हणून चांगले पेले पिशवीत घालून मुद्दाम फोडले होते, ते मात्र बघवलं नाही.

तुम्ही पोच्यांना पितळेतच काहीतरी उठाव देऊन घेता येईल का बघा.

---

बोळातली

@वऱ्हाडी ठेचा, छत्र्यांचं वाचून पोटात कालवलं. धन्यवाद म्हणावं की नाही कळेना.

@नागोयाकर, कुणीतरी किंत्सुगी काढणार याची खात्री होतीच, पण मुद्दाम फोडलेल्या पेल्यांचं नवीन कळलं. उठाव वगैरे नको हो. पेला फुटला की त्याचं काहीतरी करावंच लागतं, जोडा नाहीतर टाका. पोचा पडलेल्या पातेल्याचं काहीच करावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातच आमटी होते. आमच्याकडे साठ वर्षं हेच झालं. कासाराकडे जायला कुणाला वेळ नव्हता, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान.

---

ठोकेदार

ताई, पहिल्या दोन प्रश्नांना मी उत्तर देतो. माझे आजोबा पुण्यात तांबट आळीत काम करायचे, कसब्यात. मी स्वतः धंद्यात नाही, पण सुट्टीत भाता मारलाय आणि शिव्याही खाल्ल्यात.

पोचे निवडून काढता येतात. कारागीर हातानं करतो, एकेक पोचा वेगळा. कुठला काढायचा ते खडूनं खूण करून सांगा.

फाटण्याची भीती आहे, पण ती कारागिराच्या घाईची. पितळ ठोकलं की कडक होतं. पोचा पडला तिथं ते एकदा ताणलं गेलंय, आणि तोच भाग पुन्हा थंडच ठोकला तर चिरू शकतो. म्हणून आधी भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करतात. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांब्या-पितळेचं तसं नाही, ते नरमच राहतं. मग आतून लोखंडी दांड्याचा आधार आणि बाहेरून लाकडी मोगरी, किंवा उलटं. हलके ठोके. आजोबा ठोक्याच्या आवाजावरून सांगायचे आता पुन्हा तापवायला हवं. 'बद्द' वाजतं तोवर नरम, 'टण्ण' व्हायला लागलं की थांब. पुढे त्यांना दारावरची घंटा ऐकू येईना, पण तो टण्ण शेवटपर्यंत ऐकू यायचा.

एक नीट समजून घ्या: ताणलेला पत्रा पुरता मागे जात नाही. मोठा पोचा कितीही चांगला काढला तरी तिरक्या उजेडात त्याची सावली दिसते. 'नव्यासारखं' कुणी कबूल केलं तर बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, करणार हे गृहीत धरा. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: बफिंगला देऊ नका. टिंबांचं नाव वरवर असतं. दोनदा बफचं चाक फिरलं की तुमचे सप्रे गेले.

क्रमही सांगतो, कारण लोक उलटं करतात आणि दोनदा पैसे देतात. आधी पोचे, मग कल्हई. भट्टीत तापवलं की जुनी कल्हई टिकत नाही. कथील २३२ अंशांनाच वितळतं, पितळ त्याच्या कितीतरी पुढे. कल्हईवाला पातेलं तापवून आत नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, त्यानं पितळेवरचा मळ सुटतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. दोन मिनिटांचं काम, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत चांदी झाल्यासारखं वाटतं. कथील शुद्ध आहे ना विचारा. शिसं मिसळलेलं स्वस्त पडतं आणि ते पोटात जाणं वाईट.

आता पोचा आणि सौंदर्य याबद्दल, विचारलं नाहीत तरी. तांबट भांड्यावर ठोक्यांची नक्षी उठवतात तिला मठार म्हणतात. लोकांना ती शोभा वाटते. मुळात ती मजबुतीसाठी. घडवून झाल्यावर भट्टीनं नरम पडलेला पत्रा शेवटी ओळीनं ठोकून कडक करायचा, म्हणजे पुन्हा पोचा पडू नये. म्हणजे लहान लहान हजार खळगे पाडायचे ते एक मोठा खळगा पडू नये म्हणून. आजोबा म्हणायचे, पाडलेला ठोका आपला, पडलेला ठोका गिऱ्हाइकाचा.

हल्ली बाजारात ठोक्यांच्या नक्षीच्या तांब्याच्या बाटल्या मिळतात त्यातल्या पुष्कळ साच्यात दाबलेल्या असतात. ओळखायचं असेल तर एक खळगा निवडा आणि त्याचा जुळा भाऊ शोधा. साच्यातल्याचा सापडतो. हाताच्या कामात दोन खळगे शेजारी असले तरी एक दुसऱ्याच्या कडेवर थोडा चढलेला असतो.

तुमच्या काठाबद्दल: जाणता कारागीर तो बघेल आणि विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तुम्ही आधीच सांगा, मात्र.

---

खवट काकू

सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐक.

अगं, भांडं कुणाचं? आईचं. त्यात साठ वर्षं स्वयंपाक कुणी केला? आईनं. ती काय म्हणतेय? पोचे काढ. मग इथं पन्नास जणांना विचारायला का आलीस?

पोचा सुंदर दिसतो हे मान्य, ऊन साठतं वगैरे. पण तू ते घासलंयस कधी? रोज? राखेनं? खोल पोच्यात काजळी बसते, घासणी आत वळत नाही, अंगठ्याचं नख घालून काढावी लागते. माझ्या सासरी एका तपेल्याला असाच एक पोचा होता, मी त्याला नवऱ्याचं नाव ठेवलं होतं. त्यात कुणी ऊन बिन पाहिलं नाही. घासणारीला पोचा दिसतो आणि बघणारीला सौंदर्य दिसतं, असं आहे ते. आणि जुन्या बायकांत पोचा म्हणजे काय माहितेय? अमकीचं भांड्याकडे लक्ष नाही. पाहुणी आली की पोच्याची बाजू भिंतीकडे करून ठेवायचो आम्ही.

आईला घेऊन जा कासाराकडे. तू बाहेर उभी राहा.

---

वऱ्हाडी ठेचा

काकूंना दंडवत. त्या तपेल्याचं पुढं काय झालं?

---

खवट काकू

मोडीत घातलं. नवरा आहे.

---

बोळातली

@खवट काकू, हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी सप्रे एकदाही घासलेले नाहीत. लग्नाआधी आई घासू द्यायची नाही, 'अभ्यास कर' म्हणायची. पुण्यात आल्यावर बाई घासतात, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे पण रोजच्यात का?" काल मी घासलं. चिंच आणि मीठ घेऊन, बाहेरून. पंचवीस मिनिटं लागली. भूकंपाचा पोचा उथळ आहे, तो सोपा. भावाच्या पोच्यानं जीव काढला. तुमचं नखाचं अगदी खरं.

@ठोकेदार, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय. शनिवारी आईला घेऊन जाते.

---

बोळातली

जाऊन आलो. ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते, कारण गोष्ट माझ्या मनासारखी झाली नाही, आणि ठीकही झाली.

दुकानात कारागिरानं पातेलं हातात घेतलं, उलटं केलं, बुडावर बोटानं टकटक केलं आणि माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "आजी, कुठले काढू?" मी खडू नेला होता. तो पर्समध्येच राहिला.

आईनं अंगठा बुडावर ठेवला. "हे." मग अंगठा पोटावर, भूकंपाच्या पोच्यावर. "हा."

मी म्हणाले, "अगं तो कोयनेचा आहे." जणू तिला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "म्हणूनच."

मग तिथंच स्टुलावर बसून, भट्टी पेटेपर्यंत, मला साठ वर्षांत पहिल्यांदा पुढचं सांगितलं. त्या पहाटे घर हललं तेव्हा सगळे अंगणात पळाले. थंडी मरणाची. ही एकोणीस-वीस वर्षांची, सात महिन्यांची सून, अंगावर पांघरूणसुद्धा नाही. आतून भांडी पडल्याचा आवाज येत होता. आणि माझी आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, तिला पहिलं वाक्य बोलल्या ते, "रात्रीचं दूध झाकून कुठं ठेवलं होतंस?" तुला लागलं का, असं नाही. दूध सप्रेंमध्ये होतं. मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवायचं, हिनं वरच्या फळीवर ठेवलं होतं. पुढं कितीतरी वर्षं घरात कुणी भूकंपाचा विषय काढला की आजी तो पोचा दाखवायच्या आणि वरच्या फळीची गोष्ट सांगायच्या. हसत हसतच. आई पण हसायची.

मी लहानपणापासून ती गोष्ट 'भूकंपात वाचलेलं पातेलं' म्हणून ऐकली होती. शाळेत निबंधात लिहिली होती, मार्कही मिळाले होते.

आजी वाईट नव्हत्या हो. घाबरलेलं माणूस काहीही बोलतं. आईही तेच म्हणाली. पण अंगठा तिथून हलला नाही.

मग भावाच्या पोच्याकडे कारागिरानं स्वतःच बोट दाखवलं, की हा खोल आहे, हाही घ्यावा लागेल. आई म्हणाली, "तो राहू दे." मी म्हटलं, घासायला तोच तर त्रासाचा. तर म्हणाली, "राहू दे. तो अजून नाही म्हणतो ना? माझ्याकडे पुरावा नको?"

काठाचं तर विचारायचीच गरज पडली नाही. कारागीर काठ बोटांत धरून फिरवत होता, दबक्या जागेशी थांबला आणि म्हणाला, "इथनं ओतता काय?" आई म्हणाली, "हो, तिथं हात लावू नका, धार मोडेल." मला वाटत होतं की हे फक्त मला दिसलंय. ती कित्येक वर्षं ते पातेलं फिरवून, बरोबर ती जागा पुढे आणून ओतत होती. मी तिच्या शेजारी उभी राहून भाकरी खात होते.

तापवताना पितळ आधी काळपट झालं, मग अंधाऱ्या कोपऱ्यात धरलं तेव्हा जेमतेम लाल दिसलं. मग बद्द बद्द आवाज. ठोकेदार, मी टण्णची वाट बघत होते, तो आला, आणि त्यानं खरोखरच थांबून पुन्हा भट्टीत घातलं! मला एवढा आनंद झाला की आई म्हणाली, काय झालं तुला.

बूड आता सपाट आहे, शेगडीवर हलत नाही. भूकंपाचा पोचा निघाला, पण तुम्ही म्हणाला होतात तशी सावली राहिलीय. हात फिरवला तर लागत नाही. संध्याकाळच्या उन्हात मात्र तिथं अजून थोडंसं मऊ दिसतं. आईला मी ते दाखवलेलं नाही.

बफिंगला स्पष्ट नाही म्हटलं. बाहेरून त्यानं चिंचेच्या पाण्यानंच धुवून दिलं, त्यामुळे 'मामाकडून सप्रे भेट' शाबूत. निघताना कारागिरानं ते वाचलं. तो हसला आणि म्हणाला, "आजी, म राहिलाय. जागा आहे, मशिननं टाकून देऊ का? पैसे नाही घेणार."

आई मिनिटभर गप्प. मला वाटलं हो म्हणणार. मग म्हणाली, "आता साठाव्या वर्षी नाव कुठं बदलता बिचाऱ्यांचं?"

रात्री भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "पोचा तसाच ठेवलात? मी नव्हतो तो." आईनं मला टाइप करायला सांगितलं, "पुढच्या वेळी येशील तेव्हा धोपाटणं घेऊन ये, मापून बघू."

आता एक शेवटचा प्रश्न. नव्या कल्हईवर पहिल्यांदा थेट दूध तापवलं तर चालतं का? आईचं म्हणणं आधी एकदा पाणी उकळून टाकायचं, पण तिला कारण सांगता येत नाही.

---

ठोकेदार

आईंचं बरोबर आहे. नवसागराचा अंश आत राहिला असेल तर तो खारट लागतो, पाण्याबरोबर निघून जातो. काठापर्यंत पाणी भरा, चांगलं खळखळ उकळू द्या आणि ओतून टाका. दोनदा केलंत तर उत्तम. त्यानंतर ते रिकामं कधीच गॅसवर ठेवू नका. फोडणी करायची असेल तर वेगळ्या कढल्यात करून वरून ओता. तापलेल्या तेलात कल्हई फार दिवस टिकत नाही. आणि आत तारेची घासणी अजिबात नको, बाईंना सांगून ठेवा.

'सावली' आईंना दाखवली नाहीत ते बरं केलंत. त्यांना दिसलीच असेल.

---

खवट काकू

बाईंना कशाला सांगतेस. तूच घास.

---

बोळातली

घासतेय, काकू. एक दिवसाआड. नख वाढवलंय.